सुकती

आमच्या आजोळच्या खाडीत पैसे घेऊन लोकांना होडीतून मासे गरवायला नेणाऱ्या पोराने फोनवर आधी विचारलं, "ताई, कितके जण?" आणि मग, "साहेब येतले काय?"

साहेब पुण्याला आहेत, मी एकटीच येणार आहे, असं मी सांगितलं. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "चलात. तिथी बघूया."

त्याच्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप आहे, हे मला माझ्या मुलाकडून कळलं होतं. मुलगा मे महिन्यात त्याच्याबरोबर खाडीत गरवायला जाऊन आला होता. तरीही त्याने आधी तिथीच मोजली. "कार्तिक वद्य तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. पाणी दुपारी सव्वादोनाक भरतला. म्हणजे सकाळी आठाक सुकती पुरी. आपण पावणेसहाक सुटूया."

तीन पाऊण सव्वादोन. पावकी-निमकीबरोबर पाढ्यांच्या पुस्तकातली पाऊणकीही मी कधीच विसरून गेले होते. पण हा हिशेब ऐकताच आजीची बोटं डोळ्यांपुढे आली. चालू तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पुऱ्या भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. खरं तर ती तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटांनी सरकते आणि आपण पंचेचाळीस धरतो. पंधरवड्याच्या शेवटी त्यामुळे पाऊण तासाची चूक साठते, पण प्रतिपदेला मोजणी नव्याने सुरू होते आणि ती चूक तिथेच पुसली जाते. ज्याने हे पहिल्यांदा बांधलं, त्याच्याकडे घड्याळ नसणार. पंचांग आणि ओले पाय एवढंच असेल.

माझं आजोळ सिंधुदुर्गात, कर्ली खाडीच्या काठी आहे. सह्याद्रीतून निघालेली नदी कुडाळला भंगसाळ म्हणून ओळखली जाते. पुढे ती कर्ली होते, नेरूरपारच्या पुलाखालून रुंद होत जाते आणि देवबागच्या टोकाला, समोर भोगवे ठेवून, समुद्राला मिळते. या मधल्या पट्ट्यात कुठेतरी आमचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या व्हाळाची, म्हणजे खाडीला मिळणाऱ्या ओढ्याची, गोष्ट सांगणार आहे त्याची जागा कुणाला कळू द्यायची नाही, असं त्याने मला बजावलं आहे. त्याचं नावही लिहीत नाही.

मी ही खाडी लहानपणापासून पाहिली ती सुकतीची. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. मे महिन्याच्या सुट्टीत आजी आम्हा मुलींना घेऊन खुबे आणि तिसरे काढायला जायची. हातात टोपली, कमरेला खोचलेली कोयती, नेसूचं लुगडं गुडघ्याच्या वर. पाणी उतरायला लागलं की घरातून निघायचं, पाण्याच्या मागोमाग आत आत जायचं आणि पाणी फिरलं की त्याच्या पुढे पुढे परत यायचं. मुलग्यांना होडीत जायची परवानगी होती. मामा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन जायचा, आजोबा गरी टाकून बसायचे. आम्हाला एकच नियम होता: भरतीच्या पाण्यात पाय घालायचा नाही.

त्यामुळे खाडीचा तळ मला पायाच्या तळव्यांनी पाठ झाला. कुठे रेव आहे आणि ती पायाखाली कुरकुरते. कुठे चिखल आहे, त्यात आधी गार लागतं आणि मग ऊब लागते. कुठे कालवांचे धोंडे आहेत, त्यांच्यावरून चालताना टाच टेकायची नाही. खुबा चिखलात कुठे असेल ते आजी डोळ्यांनी शोधत नसे. ती चालायची, मध्येच थांबायची, अंगठ्याने जरा चाचपायची आणि वाकायची. लहान निघाला तर परत टाकायची. सुपारीएवढा असला तर, "ह्या पोरगा हा, वाढूंदे." आणि एकाच जागी लागोपाठ दोन दिवस जायची नाही. कारण विचारलं तर कारण देत नसे. "नाय जायचा म्हणजे नाय."

पण तीच खाडी भरल्यावर कशी असते, आपण जिथे उभ्या होतो तिथे डोक्यावर पाणी आल्यावर तिथे कोण येतं, काय करतं, ते मला कधी कळलं नाही. माझी अर्धी खाडी चिखलाची होती. उरलेली अर्धी घरातल्या पुरुषांकडे होती, आणि ते काही सांगायचे नाहीत. सांगायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. आम्ही विचारलं नाही आणि त्यांच्या मनात आलं नाही. मामा गेला, त्याच्या आधी आजोबा. त्यांची अर्धी खाडी त्यांच्याबरोबर गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती बघायला मी चार तासांचे पैसे मोजले, याचं मला वाईट वाटत नाही. आईला वाटलं.

आईची भाषा कुडाळ स्टेशनवर बदलते. पुण्याला आमच्याशी ती शाळेतल्या बाईंसारखी बोलते. गाडीतून पाय खाली ठेवला की "गो" आणि "खय" सुरू. मामीच्या पडवीत बसून तिने मला सुनावलं, "आपल्याच खाडीत जावक पैसे? तुझो आजोबा ऐकता तर हसान हसान मरतो."

पहाटे पावणेसहाला पूर्ण काळोख नव्हता. तृतीयेचा चंद्र पश्चिमेला माडांच्या शेंड्यांवर आला होता आणि पाण्यावर त्याचा पट्टा पडला होता. फायबरची लांबट होडी, मागे छोटं इंजिन, मध्ये बर्फाची पेटी, बाजूला हवा सोडणारा पंप लावलेली बादली आणि तिच्यात जिवंत सुंगटां, म्हणजे कोळंबी. त्याने मला लाइफ जॅकेट घालायला लावलं आणि बांधणी स्वतः तपासली. तिशीचा असेल. आधी गोव्यात हॉटेलात होता, मग परत आला. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जात, पागही टाकत. पाणी कसं वाचायचं ते त्यांच्याकडून शिकला. गाठी कशा मारायच्या, लूअर, म्हणजे खोटं आमिष, कसा चालवायचा, हे ऑस्ट्रेलियातल्या लोकांचे व्हिडिओ बघून शिकला. दोन्ही गोष्टी त्याने सारख्याच आदराने सांगितल्या. मला ते फार आवडलं.

इंजिन त्याने लवकरच बंद केलं आणि वल्हं घेतलं. सुकतीचं पाणी आम्हाला आपसूक समुद्राकडे नेत होतं. काठाला चिप्पीची झाडं होती. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान दिला. तिचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर वटवाघळांना बोलावतं आणि सकाळपर्यंत त्याचे पांढरे केसर गळून पडतात. ते केसर पाण्यावरून आमच्याबरोबर वाहत होते, भाताच्या फुलोऱ्यासारखे बारीक. पाणी कुठे वेगाने जातंय आणि कुठे थबकलंय ते त्याने मला त्या केसरांवरून दाखवलं. काठाजवळ केसर हळू चालले होते. दोन वाव आत भराभर चालले होते. या दोन्हींच्या मधोमध पाण्यावर एक बारीक सुरकुती होती.

"थय मासो बसता," तो म्हणाला. "वेगात बसलो तर दमतलो. संथ पाण्यात बसलो तर खावक येवचा नाय. म्हणान शिवेर."

शिवेवर. दोन शेतांच्या मधली असते ती शीव.

इथे सुकतीचं गणित सांगायला हवं, कारण सगळी सकाळ त्यावरच उभी होती. भरतीला पाणी कांदळवनाच्या मुळांत शिरतं. त्याच्याबरोबर शेवटे नावाच्या माशांची पिल्लं, सुंगटां, कुर्ल्यांची पिल्लं आत जातात आणि मुळांच्या जाळीत लपून चरतात. मोठा मासा तिथे सहज शिरू शकत नाही. पाणी उतरायला लागलं की मात्र त्या सगळ्यांना बाहेर यावं लागतं, आणि वाट एकच असते, व्हाळाची. जसजसं पाणी कमी होतं तसतशी वाट अरुंद होत जाते. शेवटच्या दोन तासांत, जेव्हा व्हाळ दोन हात रुंद उरतो, तेव्हा त्याच्या तोंडाशी मोठे मासे येऊन थांबतात. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाचं पाणी वेगाने उतरतं, तेव्हा हे जास्त होतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे मंद भरती-ओहोटीला, पाणी नुसतं रेंगाळतं. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. खाली सिंधुदुर्ग-गोव्याकडे ते साधारण दोन-सव्वादोन मीटरवर येतं. कारण उत्तरेकडे किनाऱ्यापुढचा उथळ तळ रुंद होत जातो आणि खंबातच्या आखाताचं तोंड निमुळतं होतं, म्हणून पाणी तिकडे चढत जातं. आमच्या खाडीचे दोन मीटर त्यामानाने सौम्य. पण व्हाळाच्या तोंडाशी दोन मीटर म्हणजे सगळं जग.

मला पहिला अर्धा तास फेकणं जमलं नाही. मनगटाऐवजी खांदा फिरवत होते. तो ओरडला नाही. "आजयेन सूप कसा पाखडल्यान? तसा मनगाट," एवढंच म्हणाला. आजीचं सूप त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांच्या आज्या सूप पाखडायच्या. त्यानंतर फेक सरळ जायला लागली. एक मात्र फार सरळ गेली. हिरवट पाठीचा लाकडी लूअर व्हाळाच्या डाव्या अंगाला, पाण्यात बुडालेल्या मुळीत जाऊन अडकला. ओढलं, दिशा बदलून ओढलं, शेवटी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तुटली. तो लूअर त्याने स्वतः सावरीच्या लाकडातून कोरला होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं. होडी तिकडे घ्यायला तो तयार नव्हता. एकदा तिथे गेलं की तोंडाशी बसलेले सगळे मासे पळणार. "असूंदे ताई. खाडीक एक दिलो."

मग पहिला मासा आला, तांबोशी, दीड वीत. लाल तांब्यासारखी, डोळे मोठे. तिने सुंगट तोंडात घेतलं तेव्हा हातात आली ती एक ठोकर, आणि पुढच्या क्षणी ती मुळांकडे पळत होती. हा माशाचा स्वभाव. घर मुळांत, पळणंही मुळांतच. पहिल्या दोन हातांत तिला बाहेर काढलं नाही तर गेलीच. लहानपणी तांबोशी खाडीत राहते, मोठी झाली की समुद्रातल्या खडकांकडे निघून जाते. ही आम्ही ठेवली. जेवणापुरती, तो म्हणाला, आणि बर्फाच्या पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर एक तास काहीच नाही.

तो एक तास मला सगळ्यात जास्त आठवतो. पाणी उतरत होतं आणि माझ्या ओळखीची खाडी हळूहळू वर येत होती. आधी मुळांची टोकं, मग कालवांचे धोंडे, मग रेवेची पाठ. मी त्या पाण्याच्या वरून पहिल्यांदाच बघत होते. जिथे आम्ही आजीबरोबर बसून पेज प्यायचो, तो खडक होडीच्या खाली होता आणि त्याच्यावरून मुडदुशे पोहत होते. मी त्याला सांगत सुटले, इथे खुबे मिळायचे, तिथे नुसती रेव, त्या पलीकडे पाय घालायचा नाही, मांडीपर्यंत जातो. तो वल्हं धरून ऐकत होता. बराच वेळ.

खाडीच्या मधोमध वाळू उपसणाऱ्या होड्यांची रांग लागलेली मी गेल्या काही वर्षांत पाहिली आहे. रेवेचा तो पट्टा आता पूर्वीच्या जागी नाही. तळ हलला की व्हाळांची तोंडं हलतात, तोंडं हलली की माशांची बसायची जागा हलते. हे त्याला पाण्याच्या वळणावरून कळलं होतं, मला पायांवरून.

आठ वाजून दहा मिनिटांनी पाणी थांबलं. केसर जागच्या जागी गोल फिरायला लागले. तो एकदम ताठ झाला आणि आवाज न करता बोट दाखवलं. व्हाळाच्या तोंडाशी दोन सुंगटां पाण्याबाहेर उडाली, आणि त्यांच्या मागे एक आवाज आला, बंद खोलीत पुस्तक आपटावं तसा. "जिताडो," तो पुटपुटला.

रायगडात जिताडा, गोव्यात चणक. खजुरा असंही नाव आहे. ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. रायगडात, पेण-अलिबागकडे, पावसाळ्यात खाजणात आलेली याची पिल्लं धरून घरच्या तळ्यात वाढवतात आणि लग्नकार्याला किंवा जावयासाठी काढतात. त्याचं तोंड एवढं मोठं असतं की तो भक्ष्याला चावत नाही, पाण्यासकट आत ओढून घेतो. तो आवाज त्याचाच.

मी सूप पाखडलं. सुंगट आवाजाच्या जरा वर पडलं. दोन-तीन श्वास गेले असतील.

पुढचं सगळं सांगता येईल असं वाटत नाही. रीलमधून तंगूस ओरडत बाहेर पडली. तो मागून सांगत होता, "सोडा, जावंदे, आता धरा, टोक खाली, खाली." मासा वर आला, अख्खा पाण्याबाहेर, डोकं झटकत, आणि उन्हात तो रुपेरी नव्हता, पितळी होता. जिताड्याच्या कल्ल्याच्या कडा पात्यासारख्या असतात. डोकं झटकून तो साधी तंगूस कापतो, म्हणून टोकाला जाड तंगूस बांधतात. तीन वेळा उडाला. चौथ्यांदा उडी घेतली ती अर्धीच. मग होडीभोवती गोल फिरायला लागला. माझे हात थरथरत होते आणि मी रडत होते, हे मला नंतर कळलं. दुःखाने नव्हे. इतकं जिवंत काही माझ्या हाताशी कधी जोडलेलंच नव्हतं.

त्याने मासा होडीत घेतला नाही. आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला जखमा सडवतात. मग खालचा जबडा धरला, दुसरा हात पोटाखाली. गळाचा उलटा काटा त्याने घरीच पकडीने दाबून टाकला होता, त्यामुळे गळ सहज सुटला. होडीच्या कडेला पट्टी रंगवलेली होती. पाण्यातच धरून मोजला. ९१ सेंटिमीटर. नऊएक किलो असेल, म्हणाला. आणि माझ्याकडे बघितलं. "मादी."

जिताड्याचं हे मला आधी माहीत नव्हतं. हा मासा नर म्हणूनच वयात येतो. काही वर्षं नर म्हणून जगतो, आणि पुरेसा मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला जवळजवळ प्रत्येक मोठा जिताडा मादी असते. पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाशी जाऊन अंडी घालते, आणि पिल्लं भरतीबरोबर आत येतात, व्हाळांत, खाजणांत, भाताच्या खाचरांतसुद्धा. मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. मोठे मासे काढत गेलो तर खाडीत नुसते नर उरतील.

महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. चांगला नियम आहे, आणि फार उशिरा आला. आजी तो अंगठ्याने पाळायची. पण तो लहानांना वाचवतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये बॅरामंडीला खालची मर्यादा ५८ सेंटिमीटर आहे तशी वरचीही आहे, १२० सेंटिमीटर. खाडीत त्याहून मोठी मादी सोडावीच लागते. आपल्याकडे जिताड्यासारख्या माशाला अशी वरची मर्यादा हवी, असं मला आता ठामपणे वाटतं. या पोराने ती स्वतःपुरती घातली आहे, आणि तिथल्या कायद्यापेक्षा बरीच खाली. साठच्या पुढचा सोडायचा. गिऱ्हाइकाला होडीत बसायच्या आधी सांगतो. पटत नसेल तर पैसे परत.

"आधी मी इकलेले," तो म्हणाला. मासा अजून त्याच्या हातात होता, तोंड समुद्राकडे, कल्ले उघडमीट करत. "चौदा किलोचो मालवणाक हॉटेलात दिलंय. पैशे इले, संपले. मगे त्या कोंडीर दोन वर्षां फेकी मारलंय. काय नाय."

पाणी फिरलं होतं. भरतीचा पहिला ओघ आत यायला लागला होता आणि केसर आता उलटे, आमच्या गावाकडे चालले होते. तो मला म्हणाला, "हात लावा." मी शेपटीच्या देठाला हात लावला. गार आणि टणक, आणि आत काहीतरी पिळा घालत होतं. तिने एक झटका दिला, माझ्या तोंडावर पाणी उडालं, आणि ती गेली.

सोडणं पवित्र आहे असं मी म्हणणार नाही. गळ तोंडात रुतवायचा, दमवायचं आणि मग सोडायचं, यात माशाच्या बाजूने काही चांगलं नाही, हे मला ठाऊक आहे. पोटात गळ गेलेला किंवा कल्ल्यातून रक्त येणारा मासा सोडला तरी बहुधा मरतो. असा मासा तो सोडत नाही, लांबी कितीही असो. तो घरी नेतो, कारण मेलेला मासा पाण्यात टाकणं त्याला अन्न टाकण्यासारखं वाटतं. मला हे पटतं. माझ्या मनात खरा गुंता झाला तो दुसऱ्याच गोष्टीने, आणि ती घरी आल्यावर झाली.

मामीने तांबोशीचं सार केलं होतं. बुधवार होता, माशांचा वार. आईने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि काही वेळ बोललीच नाही. मग मी जिताड्याचं सांगितलं, फोटो दाखवला.

"एवढो मोठो मासो सोडून इलंस? खुळावलंस काय गो?"

मी अंड्यांचं सांगितलं, मादीचं सांगितलं. तिने ऐकलं. मग म्हणाली की ती नऊ वर्षांची असताना आजोबांना असाच एक मिळाला होता. काठीला बांधून दोघांनी उचलून आणला. आजीने अंगणात केळीची पानं मांडली आणि वाटे घातले. वाडीत अकरा घरं होती. अकरा वाटे. डोकं सुइणीच्या घरी, कारण तिची लेक बाळंतीण होती. त्या रात्री अकराही घरांतून तळल्याचा वास येत होता आणि आजोबा पडवीत बसून नुसते हुंगत होते. "माका तो वास अजून येता," आई म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा घरांचं जेवण मी पाण्यात सोडून आले होते. आता ती अकरा घरं नाहीत, सहा बंद आहेत. मासा वाटला गेला नसता, मालवणच्या एखाद्या हॉटेलात किलोच्या भावाने गेला असता, हे खरं. पण आईच्या आठवणीपुढे ते वकिली वाटतं. मी म्हटलं, "आई, तेव्हा आजोबांना तो वर्षातून एकदा मिळायचा." ती म्हणाली, "वर्षातसून खयचो? माझ्या जन्मात तो एकच." आणि पुन्हा साराकडे वळली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "केवढी होती म्हणालंस?" मी हात पसरून दाखवलं. तिने माझे हात धरून आणखी थोडे लांब केले. "आजोबांचो एवढो होतो."

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यांचं मला फार कौतुक आहे, आणि त्या रात्री त्यांचीच आठवण येत राहिली. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांना होडीत कुणी घेतलं नाही. त्यांनी जे ओळखलं ते चालून ओळखलं, आणि खाडीची मोठी हकीकत सांगायची झाली की ते त्यात कधीच आलं नाही. होडी, जाळं, तांडेल, एवढ्यावरच ती संपायची.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. चार पाऊण तीन, म्हणजे नऊला सुकती पुरी. खुबे काढायचा प्रश्नच नव्हता, घरात उपास. पण मी साडेआठला निघाले. आईने विचारलं नाही. तिने फक्त पडवीतली जुनी काठी माझ्या हातात दिली.

पाण्याच्या मागोमाग आत गेले. पायांना सगळं आठवत होतं. कुरकुरती रेव, मग गार चिखल, मग धोंडे. व्हाळाच्या तोंडाशी पोचायला वीस मिनिटं लागली. काल होडीतून दहा वाव लांब होतं ते आता माझ्यापुढे उघडं पडलेलं, ओलं, चकाकणारं. डाव्या अंगाची मुळी शोधली. लूअर तिथेच होता, हिरवट पाठीचा, गळ मुळीच्या सालीत. तो सोडवायला पलीकडून जावं लागलं, आणि तिथे पाय ठेवला तर तळच लागला नाही. काठीने चाचपलं. मुळीच्या मागे, कालवांच्या धोंड्याला लागून, लांबट खड्डा होता. सगळा व्हाळ कोरडा पडला होता आणि त्यात पाणी होतं. पाण्यात दोन शेवटे एका जागी फिरत होते.

मी तिथूनच त्याला फोन लावला. लूअर मिळाला म्हटलं. त्याला आनंद झाला. कुठल्या मुळीला होता, विचारलं. मी सांगितलं आणि मागच्या खड्ड्याचंही सांगितलं.

तो गप्प झाला. "थय खड्डो आसा?"

"आहे. धोंड्याच्या मागे. लांबट आहे, समुद्राच्या अंगाला खोल होत जातो."

"मी थय कधी उतराक नाय. चिखल म्हणान." मग बाजूला कागद धरल्याचा आवाज आला. "ताई, काठी आसा हातात? किती खोल, बघा."

मी काठी सोडली. धोंड्याच्या बाजूला गुडघ्यापर्यंत. मधोमध मांडीपर्यंत. समुद्राच्या अंगाला काठी संपली.